खिडकीतली खुर्ची

गावंडे साहेबांच्या तोंडात कायम एक लवंग असायची. ती डाव्या गालात असली की दिवस बरा जायचा. ती डावीकडून उजवीकडे सरकली की कुणाचं तरी वाटोळं ठरलेलं. आम्ही सगळे त्यांच्या गालाकडे बघत नोकरी करायचो. मी तर फोनवर ग्राहकाशी गोड बोलता बोलता, साहेब समोरून जाताना, एक डोळा त्या गालावर ठेवायला शिकले होते.

अमरावतीला राजापेठेत, बी-बियाण्यांच्या आणि फवारणीच्या औषधांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. जिन्यातच औषधाचा उग्र वास यायचा, तो घरी गेल्यावर साडीला यायचा. आमचं काम असं की गावातल्या आणि बाहेरगावच्या लोकांची माहिती आमच्या सर्व्हरवर सांभाळून ठेवायची. कापसाचे जिनिंगवाले, दवाखाने, एखादं कॉलेज, वरूडच्या संत्रा बागायतदारांचा संघ, असे आमचे ग्राहक. अकोल्याला आमची एक छोटी शाखा होती. मी टेलिफोनवर बसायची आणि कोण आलं गेलं बघायची. गावंडे साहेब सर्व्हरचे प्रमुख. मालक वेगळे, ते महिन्यातून एखाद्या वेळी दिसायचे आणि गावंडेंनी सांगितलं ते खरं मानून परत जायचे.

साहेब दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातले. घरची काळी जमीन, विहिरीला पाणी खारं. आमच्यातल्या कुणी त्यांच्या बोलण्याचं मनाला लावून घेतलं की ते स्वतःच म्हणायचे, "आमच्या गावचं पानीच खारं. जबान गोड कुठून आनू?" हे ते माफी मागायला म्हणत नसत. पुढचं आणखी खारट यायचं आहे, याची ती सूचना असे.

भर मे महिन्यात हा माणूस अर्ध्या बाह्यांचं तपकिरी स्वेटर घालून फिरायचा, कारण सर्व्हरच्या खोलीत एसी होता आणि आमच्या हॉलमध्ये एक रडका कूलर. त्या खोलीतून ते बाहेर आले की आम्ही घामाने निथळत असू आणि ते स्वेटरची बटणं लावत असत. जेवायचे एकटे, भिंतीकडे तोंड करून. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. कुणी भाजी पुढे केली तर डब्यात डोकावून म्हणायचे, "हे तुह्या नवऱ्यालेच खाऊ घाल. त्याचा गुन्हा असन काई." मला हे दोनदा ऐकावं लागलं. तिसऱ्यांदा मी डबा पुढे केला नाही.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट होती. खालच्या दुकानासमोर कधी मुंबईचे, कधी दिल्लीचे कॅमेरेवाले येऊन उभे राहायचे आणि औषध घ्यायला आलेल्या माणसाला धरून घरात कोण कसं गेलं ते विचारायचे. साहेब खिडकीतून बघायचे. एकदा म्हणाले, "पयले लोकं पावसाचं इचारत. आता मरनाचं इचारते." आणि तसेच आत जाऊन काम करू लागले. त्यांच्या तोंडून त्या विषयावर मी एवढंच ऐकलं. त्यांच्या सख्ख्या चुलतभावानं त्याच साली जीव दिला होता, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशीही ते वेळेवर कामाला आले होते म्हणे.

आता त्यांच्या कामाचं सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. एका मोठ्या यंत्राच्या पोटात पुष्कळ सर्व्हर असतात. दिसत नाहीत, पण प्रत्येक जण वेगळं यंत्र असल्यासारखा वागतो, आणि प्रत्येकाला माहिती साठवायच्या दोन-तीन डिस्क असतात. सर्व्हर सुरू झाला की आधी जी सापडेल ती पहिली, मग सापडेल ती दुसरी, अशी तो त्यांना नावं देतो. बंद करून पुन्हा सुरू केला की हा क्रम बदलू शकतो. काल दुसरी होती ती आज पहिली. पुण्या-मुंबईला सर्व्हर सहसा बंदच पडत नाहीत, त्यामुळे तिथे हे कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे भारनियमन. वीज जायची, बॅटरी दमायची, जनरेटर कधी उचलायचा कधी नाही. सगळं धाडकन बंद पडायचं आणि उठल्यावर कोण पहिली, कोण दुसरी, त्याचा भरवसा नसायचा.

यावर साहेबांचा कायदा होता. प्रत्येक डिस्कला ती तयार होतानाच एक लांबलचक नंबर मिळतो, तो कधी बदलत नाही. सगळीकडे तोच लिहायचा आणि तोच बोलायचा. "पहिली डिस्क" किंवा "दुसरी डिस्क" असं कुणी नुसतं म्हटलं तरी लवंग सरकायची.

"तू बैलबाजारात गेला," ते विचारायचे, "त बैल कायवरून वळखतं? शिंगावरून का खुट्यावरून?"

"शिंगावरून, सर."

"मंग डिस्कले खुट्यावरून कावून वळखून राहिला? खुटा आज याचा, उद्या त्याचा."

हे शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं पुण्याला जाऊन मोठ्या कंपन्यांत नाव काढायची, ती याच शिस्तीवर. हे मी कबूल करते. पण डिस्कच्या बाबतीत एवढा काटेकोर असलेला हा माणूस माणसांना खुर्चीवरून हाक मारायचा.

हॉलमध्ये तीन खुर्च्या होत्या. एक पश्चिमेच्या खिडकीत, एक खांबाला लागून, एक दाराशी. त्यांत बसणारे अनुक्रमे खिडकी, खांब आणि दार. मी फोन. "खिडकी, इकडं ये." "दार कुठी गेलं?" "फोन, चहा सांग." कुणी सोडून गेलं की नवा माणूस त्या खुर्चीत बसायचा आणि त्याच क्षणापासून त्याचं बारसं झालेलं असायचं. मी एकदा धीर करून विचारलं, साहेब, माझं नाव सुनंदा आहे. ते म्हणाले, "असन. आज इथं, उद्या दुसरीकडं. जानाऱ्यायची नावं पाठ करून काय करू?" मी तिथे पुढे सोळा वर्षं राहिले.

दारातल्या खुर्चीत प्रणाली आली तेव्हा ती कॉलेजातून नुकतीच बाहेर पडली होती. मोर्शीची, हसरी, थोडी बडबडी. पहिल्या दिवशी साहेब तिला म्हणाले, उद्या येताना तुझ्या घरचे काही फोटो घेऊन ये, सरावाच्या सर्व्हरवर ठेवायला काहीतरी पाहिजे. तिने आणले. तिचे वडील आदल्या वर्षी वारले होते. त्यांच्या शेवटच्या आजारपणातले, अंगणात खाटेवर बसून हसतानाचे फोटो होते. साहेबांसारख्या माणसाने मागितले म्हणून तिने घरातले होते नव्हते ते सगळे आणले, आणि त्यांच्या सांगण्यावरून सर्व्हरवर चढवून कॅमेऱ्यातले पुसून टाकले. साहेबांनी दुपारी तो सर्व्हर बंद-चालू केला, डिस्कचा क्रम उलटा होईल असं बघितलं आणि तिला सांगितलं, दुसरी डिस्क कोरी आहे, ती पुसून ठेव. तिने नंबर बघितला नाही. पुसली.

"आता पाह्य काय पुसलं ते," साहेब म्हणाले.

तिला समजायला थोडा वेळ लागला. आम्हाला वाटलं साहेबांनी नक्कल ठेवली असेल. कुणीही ठेवली असती. संध्याकाळी मी स्वतः आत जाऊन म्हटलं, साहेब, धडा झाला, आता पोरीचे फोटो द्या.

"नाई माह्यापाशी."

"एकही नाही?"

"कॉपी ठेवली असती त धडा खोटा झाला असता. हे आता जिंदगीत चुकनार नाई."

मला त्या वेळी त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि आजही वाटते. प्रणाली नोकरी सोडून गेली नाही. घरी दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. ती पुढे त्या हॉलमधली सगळ्यात निर्दोष काम करणारी झाली. साहेबांचं म्हणणं खरं ठरलं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. तिचं हसणं मात्र पहिल्या दिवसाचंच, मी नंतर ऐकलं नाही.

खिडकीत वसीम होता. अचलपूरचा. त्याचे वडील पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे, जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग पुन्हा भरून द्यायचे. वसीमची बोटं वडिलांसारखी होती, न घाबरणारी. साहेब त्याला कमी बोलायचे. त्यांच्या शब्दकोशात याला कौतुक म्हणत असावेत. वसीमला पुण्याच्या एका कंपनीने घ्यायचं कबूल केलं होतं. एकच अट, इथलं अनुभवाचं प्रमाणपत्र पाहिजे, आणि इथे विचारल्यावर कुणी वाईट सांगता कामा नये. आमच्या धंद्यात एवढ्यावरच माणूस तरतो किंवा बुडतो. जूनमध्ये तो जाणार होता. त्याच्या आईने शेजारीपाजारी शिरखुर्मा वाटून झाला होता. हे साहेबांना ठाऊक होतं, कारण वसीमने त्यांनाच सगळ्यांत आधी सांगितलं होतं.

खांबाच्या खुर्चीत निखिल नावाचा, मूर्तिजापूरचा मुलगा होता. कामाला बरा, पण साहेब नुसते खाकरले तरी याचा हात माऊसवरून सुटायचा.

मे महिन्यात कूलर एकदाचा मेला. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन सरळ खुर्चीवर यायचं. वसीमला आदल्या दुपारी ऊन लागून उलट्या झाल्या होत्या, म्हणून निखिल म्हणाला, तू माझ्या जागी बस, मी बसतो खिडकीत. भला मुलगा होता. साहेब त्या दिवशी अकोल्याच्या शाखेत गेले होते, म्हणूनच हे करायची दोघांची हिंमत झाली.

वरूडच्या संत्रा संघाचं काम चालू होतं. त्या वर्षी तिकडच्या बागाच्या बागा वाळत होत्या. संघाने गावोगाव माणसं फिरवून वाळलेल्या बागांचे झाडन् झाड फोटो काढून घेतले होते, मदत मागायची तर पुरावा पाहिजे म्हणून. ते सगळे आमच्याकडे एका डिस्कवर होते, आणि त्यांची दुसरी प्रत ठेवण्यासाठी त्याच सर्व्हरला आणखी एक कोरी डिस्क लावली होती. आदल्या संध्याकाळी साहेबांनी वसीमच्या मागे उभं राहून त्याच्याबरोबर नंबर ताडून पाहिले होते. फोटोंची पहिली, कोरी दुसरी. कोरी डिस्क वापरायच्या आधी पुसून आखावी लागते, ते दुसऱ्या दिवसावर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. जनरेटर उचलला नाही. सगळं बंद पडलं आणि उठलं ते क्रम बदलून.

थोड्या वेळाने अकोल्याहून साहेबांचा फोन आला. मला म्हणाले, "खिडकीले दे." माझी खोली बाहेर होती, हॉलमध्ये कोण कुठे बसलंय ते मला दिसायचं नाही. मी खिडकीच्या टेबलावरचा फोन जोडून दिला.

पुढचं मला प्रणालीने सांगितलं. ती दारात बसून ऐकत होती. निखिलने फोन उचलला. साहेबांनी नाव विचारलं नाही. म्हणाले, काल आपण पाहिली ती दुसरी डिस्क पुसून घे. निखिलला कालचं काहीच माहीत नव्हतं. मी खिडकी नाही, खांब आहे, जागा बदलली, असं सांगायला त्याची जीभ वळेना. सांगितलं असतं तर कुणाला विचारून बदलली, हा पुढचा प्रश्न होता. त्याने फक्त विचारलं, "दुसरीच ना, सर?"

"दुसरी म्हनलं ना. बयरा हाये का?"

त्याने हुकूम दिला. यंत्राने त्याला हटकलं, ही डिस्क वापरात आहे म्हणून. तो म्हणाला, "सर, वापरात आहे म्हनते."

"काल मीच लावून पाह्यली होती. काढ आन पूस."

जन्मभर ज्यांनी खुट्यावरून बैल ओळखू दिला नाही, त्यांनी त्या दिवशी नंबर विचारला नाही. निखिलने काढली आणि पुसली. वसीम त्या वेळी खांबापाशी, कॉलेजच्या निकालाच्या कामात मान खाली घालून बसला होता.

संध्याकाळी साहेब अकोल्याहून परत आले तेव्हा, फोटो दिसत नाहीत म्हणून संघाच्या माणसाचा फोन येऊन गेला होता. तो निरोप द्यायला मी हॉलमध्ये गेले. साहेब आत गेले, बघितलं, आतूनच मालकांना फोन केला, बाहेर आले. लवंग उजव्या गालात होती.

"खिडकी. उद्यापासून येऊ नको. मालकाले मी सांगतलं हाये."

वसीम उभा राहिला. त्याला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "सर, मी नव्हतो खिडकीत. मी खांबापाशी होतो आज."

निखिल पांढराफटक पडला होता. तेव्हा प्रणाली उठली. तिने जागा कशा बदलल्या, फोन कोणी उचलला, साहेब काय बोलले, सगळं सांगितलं. "डिस्क तुमीच दुसरी म्हनले, सर," हेही सांगितलं. मग निखिलनेही रडत रडत मान हलवली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "मी मालकाले वसीम अहमद शेख रहीम हे नाव देऊन बसलो," ते म्हणाले. "आता बदलत नाई."

मला त्या क्षणी जे लागलं ते वेगळंच होतं. त्यांना नाव येत होतं. पूर्ण, बापाच्या नावासकट. म्हणजे माझंही येत असणार, प्रणालीचंही, आधी येऊन गेलेल्या सगळ्यांची येत असणार. एवढी वर्षं मी समजत होते की या माणसाच्या लक्षात राहत नाही.

निखिलला ते म्हणाले, "तोंड धुऊन ये आन कामाले लाग."

पुढच्या आठवड्यात वरूडकडचा एक बागायतदार आला. वयस्क, धोतर-टोपी, पायातली वहाण बाहेर काढून आत आला. त्याला कुणी सांगितलं होतं की फोटो पुन्हा काढून घ्या म्हणजे झालं. तो साहेबांना म्हणाला, "कायचे फोटो काढू? झाडं तोडून जाळाले नेली. फोटो हाये म्हनूनच तोडली ना."

मला वाटलं, आता तरी साहेब नरमतील. ते म्हणाले, "सोताच्या झाडाचा पुरावा दुसऱ्याच्या घरी ठेवला, बावा तुमी." म्हातारा वहाण शोधायला वळला. मी त्याला पाणी दिलं. त्याने घेतलं नाही.

वसीमला प्रमाणपत्र मिळालं नाही. पुण्याच्या कंपनीने ऑफिसला फोन करून विचारलं, तो मीच साहेबांना जोडून दिला. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण कंपनीने वसीमला पुन्हा बोलावलं नाही. अमरावतीत लहान धंदा, सगळे सगळ्यांना ओळखतात. ग्राहकाची डिस्क पुसणारा म्हणून त्याला कुणी उभं करेना. तो अचलपूरला वडिलांच्या दुकानात मोटारी भरू लागला. मालकाकडे प्रणाली एकदा गेली होती, मीही तिच्यासोबत गेले. ते म्हणाले, गावंडेंनी सांगितलंय ना, मग तुम्ही मध्ये कशाला पडता.

साहेब निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसात कचोरी आणि चहा होता, मालकांनी शाल दिली, सगळ्यांनी मिळून एक मोठा मिक्सर दिला. तोवर काही वर्षं उलटून गेली होती. साहेबांनी भाषण केलं नाही. मी त्यांच्यामागे खाली पोचवायला आले, रीत म्हणून. जिन्याच्या तळाशी, औषधाच्या दुकानासमोर वसीम उभा होता. अंगानं भरला होता, हाताला मोटारींच्या वार्निशचे डाग. प्रणालीने त्याला कळवलं होतं.

"सर," तो म्हणाला, "मले काई भांडाचं नाई. एक कागद पायजे. त्या दिवशी मी नव्हतो, येवढंच लिहून द्या. नागपूरले एक जागा हाये."

साहेबांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "नव्हताच तू," ते म्हणाले. "फोनवर आवाज निखिलचा होता. मले तवाच मालूम होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वसीमने अगदी हळू विचारलं, "मंग माहं नाव कावून देल्लं, सर?"

"तू जूनमंदी जानारच होता ना. जानाऱ्याचं नाव देल्लं. रायनाऱ्याचं देल्लं असतं त मी काम कोनासंग केलं असतं?"

हे ते चिडून बोलले नाहीत. हिशेब समजावून सांगावा तसं बोलले. त्यांच्या मते त्यात काहीच चूक नव्हती. रिकाम्या होणाऱ्या खुर्चीवर त्यांनी दोष ठेवला होता. तो दोष ठेवल्यामुळेच वसीम जाऊ शकला नाही, हे त्यांना कधी सुचलं होतं का, मला माहीत नाही. मला वाटतं सुचलं होतं.

"मंग आता लिहून द्या," वसीम म्हणाला.

"आता कायचं लिहून देऊ? मी रिटायर झालो. आजपासून माह्या सहीले कोन इचारते?" त्यांनी मिक्सरचं खोकं त्याच्या पुढे धरलं. "हे धर. जड हाये. आटोत ठेव."

मी वसीमकडे बघत होते. टाकून देईल, पायाशी आपटेल, काहीतरी करेल. त्याने ते धरलं. लहानपणापासून मोठ्या माणसाने हातात दिलेलं धरायचं शिकवलेला मुलगा तो. ऑटोच्या सीटवर ठेवलं, पडू नये म्हणून आतल्या बाजूला सरकवलं आणि बाजूला झाला. साहेब खोक्याशेजारी बसले, ड्रायव्हरला म्हणाले, "स्टँड," आणि ऑटो गर्दीत शिरली. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

वसीम माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, ते नव्हताच म्हनले ना? तुमी आयकलं ना?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"मंग झालं," तो म्हणाला, आणि अचलपूरच्या गाडीसाठी निघाला. मी ऐकलं होतं, शब्दन् शब्द. पण टेलिफोनवाल्या बाईच्या ऐकण्यावर नागपूरला त्याला कोण उभं करणार होतं?